देठावरच्या खुणा

दवाखान्यातून दोन दिवसांसाठी घरी आणलेल्या आईने जिना चढून आल्यावर आधी खिडकीकडे पाहिले आणि मग शस्त्रक्रियेला नकार दिला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे दादाच्या लक्षात यायला संध्याकाळ व्हावी लागली. त्याच्या बायकोच्या, म्हणजे वहिनीच्या, ते त्याच क्षणी आले होते, तेव्हा तिचा हात सासूच्या कोपराखाली आधाराला होता.

पोटातली गाठ काढता येण्याजोगी आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. काढली तर बरीच वर्षे, ठेवली तर काही महिने. हिशेब इतका सरळ होता. तरी आई म्हणाली, "नको मला कापाकापी. इथेच पडू दे," आणि कारण काही सांगितले नाही.

खिडकीवर वेल होती. खालच्या कारखान्यात दुरुस्तीला आलेल्या आणि कुणी परत न नेलेल्या एका मोठ्या तराजूचे पितळी पारडे साखळ्यांनी छताला टांगले होते आणि त्यात तिची कुंडी होती. कुंडीत माती जवळजवळ नव्हतीच. सालीचे आणि कोळशाचे तुकडे होते. मूळची ती उष्ण, दमट जंगलांतली, मोठ्या झाडांच्या फांद्यांवर मुळे रोवून खाली लोंबणारी. जमिनीशी तिचा व्यवहार नव्हता. पाने जाड आणि गुळगुळीत, तोडली की पांढरा चीक येई. नवी फांदी आधी नुसत्या दोरीसारखी बाहेर पडे, अधांतरी चाचपडत राही, आणि धरायला काही सापडले की मगच पाने धरी. अशी चाचपडत ती आजीच्या काळापासून खिळ्याखिळ्यांवरून आईच्या पलंगावरपर्यंत आली होती.

तिच्याविषयी घरात दोन नियम होते. तिला फूल आले की घरातले माणूस जाते, आणि म्हणून तिचा तुकडा घराबाहेर द्यायचा नाही. आजोबा गेले तेव्हा ती फुलली होती, काका गेले तेव्हा फुलली होती, बाबा गेले तेव्हा फुलली होती. एरवी तिच्यावर कुणी फूल पाहिले नव्हते. ही सगळी विधाने खरी होती, हे इथे नमूद करायला हवे. घरातले कुणीही खोटे बोलत नव्हते.

आता पलंगाच्या बरोबर वर, एका ओबडधोबड देठाच्या टोकाला, मुगाएवढ्या फिकट गुलाबी कळ्यांचा गुच्छ लागला होता.

दादाने फोन केल्यावर त्याची धाकटी बहीण दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. ती दुसऱ्या शहरात, पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करीत असे आणि तिथे एकटी राहत असे. आत्या आईच्या उशाशी बसून मोसंबी सोलत होती.

"आली का पुरावाबाई," आत्या म्हणाली. "ये. तुझ्या आईला सांग काहीतरी. माझं ती ऐकत नाही. मी काय, फक्त मोठी नणंद."

"आई, काय झालं?"

"व्हायचंय ते दिसतंय की," आई म्हणाली. तिने वर पाहिले नाही. पाहण्याची गरज नव्हती.

"त्या कळ्यांमुळे?"

"मी कुणाला एका शब्दाने काही म्हटलंय का?"

"म्हणायला कशाला हवं? आम्हाला डोळे आहेत," आत्या म्हणाली. "एक आहे मात्र. आमचे हे गेले तेव्हा या वेलीने पानसुद्धा हलवलं नव्हतं."

"ते या घरचे नव्हते, वन्सं."

"घ्या. जन्मभर याच पलंगावर लोळून पेपर वाचला माणसाने, आणि मेल्यावर परका. जावई तो जावईच."

आई किंचित हसली. धाकटीला मात्र हसू आले नाही. तिच्या मनात दुसरेच काही हलले होते. आत्याचे यजमान एका दुपारी जेवून उठले आणि हात धुताना गेले. आजारपण नाही, जागरण नाही, दवाखान्याच्या खेपा नाहीत. आणि फूलही नाही.

ती खाली कारखान्यात गेली. दादा एका दुकानदाराचा काटा तपासत होता. दोन्ही पारडी रिकामी ठेवून तो खाली वाकला होता, काटा स्थिर व्हायची वाट पाहत. बाबांनी त्याला शिकवलेली पहिली गोष्ट ही होती की वजन ठेवायच्या आधी रिकामा काटा बघायचा. रिकाम्यातच खोट असेल तर पुढची सगळी वजने चुकतात, आणि सारखीच चुकत असल्यामुळे कुणाला कळत नाहीत.

"उद्या सकाळी जायचं नाही, असं ठरवलंस तू?" तिने विचारले.

"मी कोण ठरवणार? तिची इच्छा नाही."

"तिची इच्छा नाही, की तुझी छाती होत नाही?"

त्याने स्क्रू अर्धा फिरवला. "बाबांच्या वेळी सगळे म्हणाले, ऑपरेशनला हो म्हण. मी हो म्हटलं. वर फुलं डवरली होती. वास या इथपर्यंत यायचा. दिसत होतं मला, तरी हो म्हटलं. ते टेबलावरून परत आलेच नाहीत." त्याने पहिल्यांदाच मान वर केली. "तू कुठे होतीस? होस्टेलवर. तुझी परीक्षा होती."

हे खरे होते. दादाला वाटले होते की बोलून टाकल्यावर बरे वाटेल. तसे काही झाले नाही. समोरचा काटा किंचित डावीकडे झुकत होता आणि त्याला कारण सापडत नव्हते.

वहिनी स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आली तेव्हा धाकटी खिडकीशी स्टुलावर चढून, डोळ्याला भिंग लावून त्या देठाकडे पाहत होती. आई डोळे मिटून पडली होती. आत्या बाहेर पाय मोकळे करायला गेली होती.

"डावीकडे भार देऊ नकोस," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "त्या पायात दम नाही."

"तुला बरं माहीत."

"घरातलंच स्टूल आहे."

धाकटी खाली उतरली आणि वहिनीला बाजूला घेऊन गेली. "वहिनी, हा देठ कधी नीट बघितलास? या वेलीचं एक वैशिष्ट्य आहे. फुलं गळली तरी देठ गळत नाही. पुढच्या वेळच्या कळ्या त्याच देठाच्या टोकाला, जुन्याच्या पुढे येतात. आधीच्या कळ्यांच्या जागी बारीक खुणांचं एक कडं उरतं. फूल उमलून गळलं काय, कळी खुडली काय, कडं तसंच. बाबांच्या वेळी ती इथवर पोचलीच नव्हती. ही फांदी त्यांच्यानंतरची. म्हणजे या देठावर कडं असायलाच नको. आणि इथे कड्याला कडी लागलीत. बोटाएवढा लांब झालाय देठ."

वहिनीने पाण्याचा पेला खाली ठेवला. त्या कड्यांची तिला गरज नव्हती. प्रत्येक वर्षी सासू आंघोळीला गेली की स्टूल ओढायचे, नखाने तिळाएवढ्या कळ्या खुडायच्या, चीक पदराला पुसायचा. पहिल्यांदा तिने देठच मोडला होता. मग वेलीने भलतीकडे, उंचावर नवा देठ काढला आणि तिचा जीव टांगणीला लागला. त्यानंतर ती देठाला हात लावीत नसे. तो जागेवर असला की कुठे बघायचे हे ठरलेले असे.

"आत्ता काही बोलू नकोस," ती म्हणाली.

"आत्ता नाही बोललं तर उद्या गाडी रिकामी जाईल."

वहिनी आत गेली. तिने भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

संध्याकाळी सगळे आईभोवती जमले. धाकटीने देठाची गोष्ट सांगितली. कुणाचे नाव घेतले नाही. तिची बोलण्याची पद्धत अशी होती की ऐकणाऱ्याला आपण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात असल्यासारखे वाटे.

"म्हणजे ती दर वर्षी कळ्या धरते," दादा म्हणाला.

"दर वर्षी."

"आणि कुणीतरी खुडतं," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात उत्साह होता. "घरात चोर, आणि तोही फुलं घरी न नेणारा."

"मी," वहिनी म्हणाली.

ती दारात उभी होती, हात ओले. "मी या घरात आले ते बाबांना जाऊन वर्ष झाल्यावर. आल्या आल्या सगळ्यांनी वेलीचं सांगितलं. आणि मग मला कळ्या दिसल्या. कुणाला सांगणार? नवी सून. खुडून टाकल्या. त्या वर्षी कुणाला काही झालं नाही. मग दर वर्षी खुडत गेले."

दादा बायकोकडे असा पाहत होता, जणू इतकी वर्षे घरात वापरलेल्या एखाद्या वजनावरचा आकडा त्याने आज पहिल्यांदा वाचला असावा.

"तुझ्याआधी मी खुडायचे," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"माझ्या सासूबाईंनी मला शिकवलं. कुणाला सांगायचं नाही, असंही शिकवलं. पुढे हे आजारी पडले. दिवस दवाखान्यात, रात्र दवाखान्यात. कुठली वेल आणि कुठलं स्टूल. एक दिवस घरी आले तर फुलं." ती थांबली. तिला श्वास पुरत नव्हता. "ते गेले आणि माझे गुडघेही गेले. चढणं सुटलं. वाट बघत बसले, आता येतील कळ्या, मग येतील. आल्याच नाहीत. मला वाटलं, वेलीचं मन भरलं. आता तिला येतील तेव्हाच येतील." तिने सुनेकडे पाहिले. "तू होतीस होय."

धाकटी पुढे सरकली. "आई, आजोबा, काका, बाबा, तिघंही महिनोन्‌महिने अंथरुणाला होते. तेव्हा खुडायला हात मोकळा कुणाचा होता? फुलं आली म्हणून माणूस गेलं नाही. माणूस जात होतं, म्हणून फुलं येऊ शकली. आत्याचे यजमान एका घटकेत गेले. घरातले हात मोकळेच होते. फूल आलं नाही. आणि आता वहिनी, लेकीला माहेरी ठेवून, पंधरा दिवस तुझ्यापाशी दवाखान्यात होती."

मग दादा म्हणाला, अगदी सावकाश, "हेच उलटंही म्हणता येईल. खुडलं तोवर सगळे राहिले. खुडलं नाही, की—"

"म्हणून तर मी बोलत नव्हते," वहिनी म्हणाली. "माझीच चूक. पंधरा दिवसांत एकदा घरी येऊन जायला काय झालं होतं मला? आठवणसुद्धा झाली नाही. आईंच्या उशाशी बसून राहिले, आणि इकडे—"

धाकटीने हे अपेक्षिले नव्हते. तिला वाटले होते की खरे कारण कळले की भीती आपोआप गळून पडेल. इथे तर तिने सासूच्या मरणाचा दोष सुनेच्या हातात आणून ठेवला होता. आणि दादाचे म्हणणे तिला खोडता येत नव्हते. त्याच खुणा, तीच माणसे, तेच मृत्यू. दोन्ही अर्थ त्यांत सारखेच बसत होते.

"दादा म्हणतो ते चूक आहे, असं या देठावरून सिद्ध होत नाही," ती म्हणाली.

"अगं बाई," आत्या म्हणाली, "तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?"

"दादा, तू रिकामा काटा बघितल्याशिवाय वजन ठेवत नाहीस. इथे रिकामा काटा कुणी बघितलाच नाही. घरात कुणी आजारी नाही आणि कळ्याही कुणी खुडल्या नाहीत, असं एक वर्ष दाखव."

"कुठून दाखवू? तसं वर्ष या घरात झालंच नाही."

"माझ्याकडे झालंय."

तिला हे सांगावे लागेल असे वाटले नव्हते. "नोकरीला गेले तेव्हा हिचं एक पान नेलं होतं मी. ओल्या शेवाळात ठेवलं, वर काचेचा पेला उपडा घातला. मुळं फुटली. दोन वर्षं हिरवंगार राहिलं आणि पानाचं पानच राहिलं. पेर नसेल तर कोंब फुटत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मग सुट्टीत आले तेव्हा पेरासकट फांदी नेली. ती लागली. ती दुसरी वेल नव्हे, आई. हिचंच अंग आहे ते. दर वर्षी फुलते. गॅलरीभर. मी एकही कळी खुडलेली नाही."

"घराबाहेर नेलीस?" दादा म्हणाला. "सांगितलं असतानाही?"

"नेली."

"आणि पुरावा म्हणून ती दाखवतेस? तुझ्याकडे माणसं आहेत तरी किती? एकटी राहतेस तू. फुलली काय, न फुलली काय, जायला आहे कोण तिथे?"

बोलून झाल्यावर त्याला ते ऐकू आले. आत्याने हातातली मोसंबीची फोड ताटलीत ठेवली.

"मी आहे की," धाकटी म्हणाली.

आईने डोळे उघडून मुलीकडे पाहिले. या मुलीने लग्न केले नाही, घर केले नाही, हे वाक्य ती नातेवाइकांना इतक्या वेळा सांगत आली होती की त्याचा अर्थ लावायचे तिने सोडूनच दिले होते. आता तिच्या डोळ्यांपुढे एक गॅलरी आली, जी तिने कधी पाहिली नव्हती. फुलांनी लगडलेली वेल, आणि खाली खुर्चीत एकटी बसलेली ही. वर्षानुवर्षे. धडधाकट.

"भीती नाही वाटली तुला?" तिने विचारले.

"पहिल्या वर्षी वाटली," धाकटी म्हणाली. "थोडी."

घरातल्या कुणीही तिच्या तोंडून असे काही आजवर ऐकले नव्हते.

"वास कसा असतो गं?"

"तुला माहीत आहे, आई."

"मला औषधांत मिसळलेलाच माहीत आहे."

धाकटी जरा विचारात पडली. "गोड असतो. ऊन उतरलं की सुरू होतो. दिवसा नाकाला लावलं तरी येत नाही. जवळ बसलं तर उग्र वाटतो; दोन खोल्या सोडून बसलं की चांगला."

आई बराच वेळ वरच्या गुच्छाकडे पाहत राहिली. मग सुनेला म्हणाली, "कात्री आण."

वहिनीने कात्री आणली, स्टूल ओढले, त्याच्या लुळ्या पायावर भार न देता चढली, आणि सवयीने हात कळ्यांकडे नेला.

"कळ्या नाहीत. फांद्या काप. पेरासकट, हिला विचार कुठून कापायचं ते. एक वन्संना. एक तुझ्या लेकीला, शिकायला जाताना घेऊन जाईल. एक खाली कारखान्यात लावा."

"आई, घाई काय आहे?" दादा म्हणाला. "आधी उद्याचं पार पडू दे. तू घरी आलीस की बघू." आपण काय बोलून गेलो हे त्याच्या उशिरा लक्षात आले, उद्याचे पार पडायचे असेल तर उद्या जायला हवे होते.

"नाही. आत्ता," आई म्हणाली. "मी परत आले तर म्हणाल, वेल चांगली. नाही आले तर म्हणाल, वेल वाईट, आणि सुनेला जन्मभर दोष द्याल. वजन ठेवायच्या आधी बघायचं असतं ना रे, ते हेच ना?"

दादा उठून स्टुलाचा लुळा पाय पायाने दाबून उभा राहिला.

फांद्या कापल्या तसा चीक ठिबकू लागला. वहिनीच्या मनगटावरून कोपरापर्यंत पांढरे ओघळ आले. धाकटीने खाली कागद पसरला. लगेच लावायच्या नाहीत, चीक वाळू द्यायचा, नाहीतर कुजतात, असे तिने सांगितले. खालची दोन पाने काढून टाकायची. पेर शेवाळात गेले पाहिजे. ऊन थेट नको, पाणी बेताचे, कुंडी लहानच, मुळांना जरा अडचण असलेली बरी.

"माझ्या वाटची कुणाला तरी द्या," आत्या म्हणाली. "माझ्याकडे जाण्यासारखी मीच तेवढी उरलेय."

"म्हणूनच देतेय," आई म्हणाली. "फुलली की कळवा."

आत्याने आपली फांदी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि मोसंबीच्या ताटलीत आडवी ठेवली.

दादा जिन्याच्या तोंडाशी जाऊन थांबला. पाठमोराच म्हणाला, "सकाळी गाडी किती वाजता सांगू?"

सकाळपर्यंत कळ्या आणखी फुगल्या होत्या. एकदोन टोकांशी पाच पाकळ्यांच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. त्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी उमलणार होत्या. उमलताना पाहायला घरात कुणी नसणार होते. धाकटीने खिडकी थोडी उघडी ठेवली. शस्त्रक्रियेचा निकाल काहीही लागला तरी त्यातून वेलीविषयी काहीच सिद्ध होणार नाही, हे तिने सगळ्यांना आधीच बजावून ठेवले होते. स्वतःलाही.

दादा खाली गाडीचे दार धरून उभा होता. वहिनीने सासूला आधार देऊन जिन्यापर्यंत आणले. पहिल्या पायरीवर आई थांबली.

"मागे बघू नकोस," ती सुनेला म्हणाली. "हात शिवशिवेल तुझा."

वहिनीने मागे बघितले. हात मात्र सासूच्या कोपराखालीच राहिला.